थकबाकीचा आकडा

परिषदेचे अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, लांबून आलेले डॉक्टर आणि समुपदेशक, आणि पुढच्या खुर्च्या रिकाम्या असताना भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आशाताई, कृष्णा-कोयनेच्या संगमावर तुम्हां सर्वांचं कराडकरांच्या वतीनं स्वागत. आशाताई, आधी पुढे येऊन बसा. आजचा विषय तुमच्याच वहीतून सुरू होतो.

मी डॉक्टर नाही, पतसंस्था चालवतो. आमच्या वार्षिक सभेत कर्जवाटपाचा आकडा मोठ्या आवाजात वाचला जातो. टाळ्या पडतात. मग मागच्या रांगेतला एखादा जाणता सभासद उठतो आणि विचारतो, "थकबाकी किती?" मनाच्या आरोग्याच्या अहवालांना हा प्रश्न विचारणारा सभासद मला अजून भेटलेला नाही. किती जणांची तपासणी झाली, ते छापून येतं. त्यातले बरे किती झाले, ते कुठे येत नाही.

आमच्या वहिनींची एका शिबिरात अशीच तपासणी झाली. गुण जास्त आले, चिठ्ठी मिळाली. चिठ्ठीवरच्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून एकदा यायचे. तो दिवस आदल्याच दिवशी होऊन गेलेला. वहिनी पुन्हा गेल्या नाहीत. शिबिराच्या अहवालात मात्र त्या 'लाभार्थी' आहेत.

तपासणीच्या फॉर्मला माझा विरोध नाही. पीएचक्यू-९ ही नैराश्य ओळखण्यासाठीची नऊ प्रश्नांची यादी जगभर चालते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याहून जास्त आले, तर नीट चौकशी करायची. पण हे निदान नव्हे. साधा हिशेब मांडू. हजार माणसं तपासली, त्यांतली शंभर खरंच नैराश्यात आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी शंभरात ८५ वेळा बरोबर उतरते, असं धरा. शंभरातले ८५ सापडतील, पण बाकीच्या नऊशेंतल्या १३५ जणांवरही उगाच खूण होईल. म्हणजे २२० चिठ्ठ्या, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त माणसांना तो आजारच नाही. पुढे बोलणारं, उलगडून विचारणारं कुणी नसेल, तर या १३५ जणांना आपण नुसता घोर लावला आणि त्या ८५ जणांना वाऱ्यावर सोडलं.

आणि प्रश्न विचारायचा कसा? गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, असं सासू शेजारी शेंगा फोडत बसलेली असताना विचारलं, तर सून काय सांगणार? "नाही" म्हणेल. शून्य गुण. तीच बाई आशाताईला उंबऱ्याबाहेर गाठून म्हणते, "अंग जड झालंय, कशात जीव लागत नाही." हे कागदावर कुठल्या रकान्यात लिहायचं, ते आज तज्ज्ञांनी सांगावं. तपासणीची गुणवत्ता या उंबऱ्यावर ठरते, असं माझं मत आहे.

बरे किती झाले ते मोजता येत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेनं हे करून दाखवलं. २४ दवाखाने, निम्मे सरकारी, निम्मे खासगी. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांना कामाला लावलं आणि सहा महिन्यांनी माणसं पुन्हा गाठून विचारलं. २०१० साली निष्कर्ष छापून आले. निदान पक्कं झालेल्यांपैकी, सरकारी दवाखान्यांत समुपदेशक होते तिथे शंभरात सुमारे ६६ जण बरे झाले. नव्हते तिथे सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत काही फरक पडला नाही, आणि त्यांनी तेही लपवलं नाही. याला मी ताळेबंद म्हणतो.

आपल्याकडचं बोलायचं, तर २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा आपली थकबाकी आपणच काढायला हवी.

जेवण एक वाजता आहे, पिठलं-भाकरी आहे, उणं-अधिक पोटात घाला. निघताना अभिप्रायाचा फॉर्म मिळणार नाही. जेवण झाल्यावर सगळेच 'उत्तम' लिहितात. तीन महिन्यांनी आमचा कार्यकर्ता फोन करील आणि विचारील की तुम्ही चिठ्ठी दिलेली किती माणसं दुसऱ्यांदा आली. तेवढा फोन उचला.