उन्हाळ्याची सुटी आणि आम्ही माता



ज्युबिलीच्या समारंभांत आम्हां मातांनींही चार शब्द बोलावे, असें ठरलें. मे महिना पवित्र मरियेचा. परंतु जपमाळ हातीं घेण्यास मातांना त्याच महिन्यांत सर्वांत कमी सवड! शाळेस सुटी लागली, कीं रहिमतपुरांतील आमच्या घरांत दुपारीं ना झोंप, ना माठांत पाणी. मग गोव्याचा प्रवास निघतो. मिरजेस गाडी बदलावयाची. बेळगांव येण्यापूर्वींच दशम्या संपतात. कॅसलरॉकच्या पुढें प्रत्येक बोगद्यांत मुलें ओरडतात, आणि आम्ही अंधारांत चांचपून डोकीं मोजतों. दूधसागर उन्हाळ्यांत बारीक झालेला, "यांतलें दूध कोणीं प्यालें?" हा धाकटीचा प्रश्न. १६०५ च्या मे महिन्यांत अभिषेक झालेल्या बॉम जेझूच्या मंदिरांत, संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीसमोर मात्र सर्व गप्प. अर्थात् पांच मिनिटें.

यरुशलेमहून परततांना बारा वर्षांचा येशू मागें राहिला, हें मरिया-योसेफांना दिवसभराची वाट चालल्यावर कळलें. तीन दिवसांनीं तो मंदिरांत सांपडला. पुरुषमंडळी हें शुभवर्तमान शांतपणें ऐकतात. आम्हांला तेव्हां मिरज स्टेशनची गर्दी आठवते, आणि हात आपोआप शेजारच्या पोराच्या मनगटाकडे जातो.