गळालेले फळ आणि उभा वृक्ष : व्यापार, संस्था व वनरक्षण



अनेक जिनमंदिरांच्या भिंतीवर षट्लेश्येचे चित्र असते. फळांनी लगडलेल्या जांभळाच्या झाडाखाली सहा भुकेले वाटसरू उभे आहेत. पहिला झाड मुळापासून उपटू पाहतो, दुसरा खोडावर घाव घालतो, तिसरा मोठी फांदी तोडतो, चौथा डहाळी ओढतो, पाचवा केवळ फळे खुडतो. आणि सहावा जमिनीवर गळून पडलेली फळे वेचून तृप्त होतो. भूक सहाही जणांना सारखीच आहे. भेद आहे तो ती भागविण्याच्या वृत्तीत. प्रत्येक श्रावकाने लहानपणी पाहिलेले हे चित्र आजच्या व्यापाराला लावता येते काय, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

श्रावकाचाराच्या परंपरेत पंधरा व्यवसाय 'कर्मादान' म्हणून वर्ज्य सांगितले आहेत. त्यांत कोळसा पाडण्याचा धंदा म्हणजे अंगारकर्म आहे, जंगलतोडीचा धंदा म्हणजे वनकर्म आहे आणि रानाला आग लावणेही आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वाचार्यांनी वनाचा प्रश्न दानाच्या प्रकरणात ठेवला नाही. उपजीविकेच्या प्रकरणात ठेवला. झाडे लावण्यासाठी देणगी दिली म्हणजे वनाचे देणे फिटले, असे त्यांनी मानले नाही. पैसा कोणत्या मार्गाने मिळतो, हेच त्यांनी प्रथम विचारले.

आजचा व्यापारी स्वतः कुऱ्हाड धरीत नाही. परंतु इमारतीचे लाकूड, मालाची खोकी, बॉयलरचे सरपण, आयुर्वेदिक औषधांचा कच्चा माल, यांपैकी काही ना काही त्याच्या खरेदीवहीत असतेच. ते कोणत्या रानातून आले, हे वहीत लिहिलेले नसते.

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघाले की आंबा घाट उतरल्यावर साखरपा लागते, आणि संगमेश्वर तालुक्याचा मुलूख सुरू होतो. राधानगरी अभयारण्यासारखे संरक्षण तेथील बहुतेक रानाला नाही. कोकणातील पुष्कळसे जंगल खासगी मालकीचे आहे. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की मालक उभी झाडे ठेकेदाराला विकतो आणि रानाचे सरपण होते. यात मालकाला दोष देऊन भागत नाही. उभ्या झाडाचे त्याला काहीच मिळत नव्हते, तोडलेल्या झाडाचे मिळत होते.

त्या रानात बेहड्याचे प्रचंड वृक्ष आहेत. हिरडा, बेहडा व आवळा मिळून त्रिफळा होतो, हे घराघरांत ठाऊक आहे. जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी स्वतःला ढोलीत लिंपून कोंडून घेते आणि नर बाहेरून चारा आणून भरवितो. असा एक वृक्ष पडला म्हणजे नुसते लाकूड जात नाही. अनेक पिढ्यांचे पाळणाघर जाते.

पुण्याची 'अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन' ही संस्था डॉ. अर्चना गोडबोले यांच्या नेतृत्वाखाली या भागात देवराया व खासगी राने राखण्याचे काम करीत आली आहे. संस्थेने रानमालकांशी संवर्धनाचे करार केले. त्याचबरोबर बेहड्याच्या फळाला ग्राहक शोधला. 'पक्का हर्ब्ज' ही इंग्लंडमधील वनौषधी कंपनी तो ग्राहक ठरली. वन्य वनस्पतींच्या संकलनासाठी 'फेअरवाइल्ड' नावाचे प्रमाणपत्र आहे. त्याचे काम पाहणारे प्रतिष्ठान २००८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झाले. त्या मानकानुसार निसर्ग भरून काढील तेवढेच घ्यावयाचे, वेचणाऱ्यांना रास्त दाम द्यावयाचा आणि त्याखेरीज गावाच्या कामासाठी वेगळी रक्कम ठेवावयाची असते. फळे नीट वाळवावी लागतात, नाहीतर बुरशी धरते. म्हणून वेचणाऱ्यांना शिकविणे हेही संस्थेचे काम झाले. व्यापाऱ्याने दाम दिला, संस्थेने विश्वास दिला, आणि गावाने वृक्ष राखला. चित्रातील सहावा वाटसरू येथे प्रत्यक्ष दिसतो.

तथापि या वाटेवर धोकाही आहे. २०१७ मध्ये ही कंपनी युनिलिव्हरने विकत घेतली, आणि २०२२ मध्ये युनिलिव्हरच्या चहाच्या व्यवसायाबरोबर ती पुन्हा दुसऱ्या हाती गेली. कंपनीचे मालक पाच वर्षांत बदलतात. बेहड्याला ढोली धरण्यास त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून रानाचे भवितव्य एकाच दूरच्या ग्राहकावर टांगून ठेवणे शहाणपणाचे नाही. जवळचे, अनेक आणि टिकाऊ ग्राहक हवेत.

इमारती लाकडाबाबतही अशीच व्यवस्था आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल'मध्ये व्यापार, पर्यावरण व समाज या तिन्ही पक्षांना समान मताधिकार आहे, आणि तिच्या शिक्क्यामागे जंगलापासून दुकानापर्यंतच्या प्रत्येक टप्प्याची नोंद तपासली जाते. अर्थात कोणताही शिक्का विवेकाची जागा घेऊ शकत नाही. पण न विचारण्याची सबब तो काढून घेतो.

कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. हा पैसा उपयोगी आहे. परंतु उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांची कमाई कशी होते, हा कर्मादानाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

कोल्हापुरातील समाज व्यापारी आहे आणि संस्था चालविणाराही आहे. भागीदारीचे दोन्ही पक्ष येथे एकाच घरात नांदतात, ही मोठी अनुकूलता होय. मंदिराच्या किंवा वसतिगृहाच्या बांधकामाचे लाकूड घेताना त्याचे मूळ विचारता येईल. महाप्रसादाच्या चुलीला रानातले सरपण लागते काय, हे पाहता येईल. औषधांचा व्यापारी हिरडा-बेहडा घेताना वेचणाऱ्याला काय मिळाले याची चौकशी करू शकेल, आणि न्यासाला घाटाखालच्या एखाद्या गावाशी दीर्घ मुदतीचा करार करता येईल. यांतील काही गोष्टींना थोडे अधिक पैसे पडतील. तो खर्च देणगीच्या खात्यात न लिहिता खरेदीच्या खात्यात लिहावा.

पन्नास वर्षांत संस्थेचे जमाखर्च चोख राहिले, याचा समाजाला रास्त अभिमान वाटतो. पुढील पन्नास वर्षांत त्याच वह्यांत एक रकाना वाढावा : माल कोणत्या रानातून आला, आणि ते रान आज उभे आहे काय?