ऐकू येणे आणि ऐकणे

(अकादमीच्या वार्षिक कार्यक्रमात इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



वय वाढू लागले की कान मंदावतात. अशा वेळी घरी बसून गाणे कसे ऐकावे, याविषयी मला आज बोलायचे आहे. मी साहित्य शिकवते; वैद्यक हा माझा प्रांत नाही. पण या प्रश्नाचा बराचसा उलगडा मला आपल्या भाषेतूनच झाला, म्हणून तो या व्यासपीठावर मांडते आहे.

मराठीत दोन प्रयोग आहेत. ‘मला ऐकू येते’ आणि ‘मी ऐकते’. पहिल्यात आवाज आपणहून येतो, मी फक्त तो स्वीकारते. दुसऱ्यात कर्ता मी आहे. वयाबरोबर उणे होते ते ऐकू येणे. ऐकणे ही आपण करायची गोष्ट आहे, आणि ती पन्नाशी-साठीनंतरही वाढवता येते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आधी कानात काय घडते ते पाहू. निरोगी तरुण कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. अंतर्कर्णात शंखासारख्या नळीत सूक्ष्म केसपेशी असतात. उंच ध्वनी टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वयोमानाने बहुधा त्याच आधी झिजतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणून वार्धक्यातले कमी ऐकू येणे सगळ्या आवाजांना सारखे लागू होत नाही. वरचे ध्वनी आधी जातात, खालचे पुष्कळ काळ शाबूत राहतात.

आता हे व्याकरणाच्या भाषेत सांगते. आपल्या वर्णमालेतल्या स्वरांचे मुख्य बळ बहुतांशी एक हजार हर्ट्झच्या खाली असते. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ अशा व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या, क्षीण ध्वनींमुळे. ‘स’चा सीत्कार तर चार हजारांच्याही वर जातो. त्यामुळे ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ हे तीन शब्द थकलेल्या कानाला एकच वाटू लागतात. घरातले ज्येष्ठ म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’ ते अगदी शास्त्रशुद्ध बोलत असतात. त्यांची व्यंजने गेलेली असतात, स्वर राहिलेले असतात. आणि मराठीत ‘स्वर’ हा शब्द वर्णमालेतही आहे आणि गाण्यातही.

गेल्या काही वर्षांत हे माझ्याही वाट्याला आले. हजेरी घेताना मागच्या बाकावरचे ‘हजर’ मला नुसते ‘अअ’ असे पोचते. घरी तानपुऱ्याची जवारी विरली, खर्जाची घुमार तेवढी उरली. तबल्याची चाट बोथट झाली, डग्गा मात्र पूर्वीसारखाच. भावगीतांतले शब्द धुक्यात गेले. आवाज वाढवावा तर तो एकदम कानावर आदळे. यालाही कारण आहे: अशा कानात ‘ऐकू न येणे’ आणि ‘सहन न होणे’ यांमधले अंतरच कमी होते. ‘मोठ्याने बोल’ म्हणणारे आजोबा पुढच्या क्षणी ‘ओरडतोस कशाला’ म्हणतात, तो त्यांचा तऱ्हेवाईकपणा नसतो. गाणे लावावे आणि दोन मिनिटांत बंद करावे, असे दिवस मीही काढले आहेत.

तिथून परत फिरायला मला जुन्या तबकड्यांची मदत झाली. भारतात 1902 साली कोलकात्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले. 1925च्या सुमारास विजेचे मुद्रण येईपर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात, आणि त्या तबकडीवर दोन-अडीच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरत नसे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे, वर सुईची खरखर. म्हणजे आज आपल्यापैकी अनेकांच्या कानांना जेवढा पट्टा उरला आहे, साधारण तेवढ्याच पट्ट्यात त्या पिढीने घरबसल्या गाणे ऐकले, त्यावर वाद घातले, त्यातून काही जण गाणेही शिकले. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे 139 हर्ट्झचा आणि तार षड्ज 277चा. उंच ध्वनी गेल्याने आवाजाची चकाकी जाते हे खरे. पण रागाची सारी चाल आपल्या उरलेल्या कानात मावते.

मग घरी ऐकावे कसे? मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगते.

पहिली, ओळखीच्या गाण्यापासून सुरुवात करावी. निसटलेला ध्वनी मेंदू स्मरणातून भरून काढतो. पाठ असलेल्या पदातले अर्धे व्यंजन पोचले तरी शब्द पुरा होतो. नवे गीत असेल तर आधी त्याचे शब्द वाचावेत, कागद हातात धरून ऐकावे.

दुसरी, निवड बदलावी. भरगच्च वाद्यमेळापेक्षा एक गळा आणि मोजकी साथ बरी. इंदूरच्या मातीत वाढलेले उस्ताद अमीर खाँ अशा कानाचे मोठे सोबती आहेत. मंद्र सप्तकात रमणारा आवाज, चौदा मात्रांच्या झुमऱ्याची अतिविलंबित लय, स्वर न् स्वर उलगडून दाखवणारी बढत. शब्द थोडे, स्वर पुष्कळ. त्यांचा मारवा ऐकताना माझ्याकडे काय उणे आहे, याचा मला विसर पडतो.

तिसरी, खोली आणि जागा. पंखा बंद करावा, पडदे ओढावेत, म्हणजे आवाज घुमत नाही. स्पीकर दूर ठेवून आवाज चढवण्यापेक्षा जवळ बसून बेताचा ठेवावा. उरलेला कान जपायचा आहे.

चौथी, श्रवणयंत्र. ही यंत्रे मुख्यतः बोलणे कळावे म्हणून बेतलेली असतात. बासरीचा लांब स्वर त्यांना स्वतःचीच शिट्टी वाटतो आणि ती तो दाबू पाहतात. मग स्वर थरथरतो. पुष्कळ यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना करता येते. ती ऑडिओलॉजिस्टकडून मागून घ्यावी, आपले गाणे सोबत नेऊन तिथेच ऐकून पाहावे. मात्र एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ते वयावर ढकलू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

बदललेल्या शरीराशी जुळवून घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. इथून जवळच, देवासला, कुमार गंधर्वांना क्षयाने अनेक वर्षे अंथरुणाला खिळवले, एक फुफ्फुस कायमचे दुबळे झाले. ते उठले तेव्हा उरलेल्या श्वासाच्या मापाचे, छोट्या आणि तेजस्वी फेकीचे गाणे घेऊन उठले. गायकाला जे साधले त्याचा थोडा अंश श्रोत्यालाही साधू शकतो. तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे, असे आपण म्हणतो. त्या शब्दात कानाची तीक्ष्णता नाही, कानाची जाण आहे.

हे सारे अकादमीच्या मंचावर का सांगावे? आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे. आपल्या घरांत मराठी टिकली ती आरत्या, ओव्या, नाट्यपदे आणि भावगीते यांच्या आधाराने. घरातल्या वडीलधाऱ्यांनी गाणे लावणे सोडले की त्यांची करमणूक तर जातेच, शिवाय नातवंडांच्या कानावर पडणारे शब्दही जातात. चष्मा लागला हे आपण सहज सांगतो. कानांचे मात्र लपवतो, आणि लपवता लपवता माणूस बैठकीतून उठतो, मग संभाषणातूनही.

म्हणून शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातून एकदा घरातल्या आजी-आजोबांशेजारी अर्धा तास बसा. त्यांच्या आवडीचे एक पद आधी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून काढा, कागद त्यांच्या हाती द्या आणि मग ते लावा. त्यांना व्यंजने तुमच्याकडून मिळतील. तुम्हाला त्या पदाचा अर्थ, त्यातला विसरलेला शब्द आणि त्यांनी ते प्रथम कुठे ऐकले तो इतिहास त्यांच्याकडून मिळेल.