‘रुग्ण ऐकत नाही’ असे लिहिण्याआधी



आपल्या फिजिओथेरपिस्टांच्या केसपेपरवर एक शेरा वर्षानुवर्षे लिहिला जातो : रुग्ण सांगितलेले व्यायाम करत नाही. तो एकदा लिहिला की गुडघा का सुधारला नाही, खांदा का आखडलेलाच राहिला, याची चौकशी तिथेच संपते. घरचा व्यायाम सुटतो त्याचा दोष सगळा रुग्णाच्या स्वभावावर टाकता येणार नाही, एवढेच मला आज मांडायचे आहे. आपण व्यायाम कसा ठरवतो, कसा शिकवतो आणि पुढे त्याची विचारपूस करतो की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

नेदरलँड्समधल्या फिजिओथेरपीच्या रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. व्यायाम न होण्याशी तीन गोष्टींचा संबंध त्यात ठळक दिसला : रुग्णाला जाणवणाऱ्या अडचणी, आपल्या दुखण्यापुढे आपले काही चालत नाही ही भावना, आणि ‘बरोबर करताय, फरक पडतोय’ असे कुणी न सांगणे. यातली तिसरी गोष्ट सर्वस्वी आपल्याकडची आहे, आणि दुसरीही पुष्कळदा आपल्याच खोलीत जन्मते. एक्स-रे समोर धरून ‘गुडघ्याची झीज झाली आहे’ एवढेच आपण सांगतो, आणि लगेच तोच गुडघा दिवसातून तीनदा हलवायला लावतो. झिजलेली वस्तू वापरली की आणखी झिजते, असा अर्थ रुग्णाने काढला तर त्याचे काय चुकले? मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा ताण हलका होतो आणि वेदना कमी होते, हे वाक्य झिजेच्या वाक्याला जोडूनच यायला हवे. पहिल्या गोष्टीचे, म्हणजे अडचणींचेही तसेच. एका खोलीच्या घरात पाच माणसे असतील, तर पाठीवर झोपून करायच्या व्यायामाला दुपारपर्यंत जमीन मोकळी मिळत नाही. तोच स्नायू खुर्चीवर बसून, डाळ शिजेपर्यंत ओट्यापाशी उभे राहून किंवा बसथांब्यावर कामाला लावता येतो. मात्र त्यासाठी रुग्णाचा दिवस कसा जातो हे आधी विचारावे लागते.

आपण रुग्णाच्या हाती देतो त्या छापील कागदावरच्या व्यायामांच्या दहा आकृत्यांविषयीही बोलले पाहिजे. ६५ वर्षांवरील व्यक्तींवरच्या १९९९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दोनच व्यायाम दिलेल्यांनी ते आठ दिलेल्यांपेक्षा अधिक चांगले करून दाखवले. दोन व्यायामांनी ताकद कशी वाढणार, हा आक्षेप शास्त्राला धरून आहे. पुरेशी मात्रा हवीच. पण स्नायूवर परिणाम होतो तो प्रत्यक्ष केलेल्या मात्रेचा. दोन पक्के झाले की तिसरा द्यावा, भार वाढवावा. दुसरा आक्षेप वेळेचा. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बाहेर रांग असते आणि एका रुग्णाला जेमतेम दहा मिनिटे मिळतात, हे खरेच आहे. म्हणूनच आठ व्यायाम घाईने दाखवण्यापेक्षा दोन नीट करवून घ्यावेत आणि उरलेल्या वेळात ते कधी, कुठे होतील हे ठरवावे.

‘घरच्यांना शिकवून ठेवू, ते करवून घेतील,’ हा आपला आवडता तोडगा. कुटुंबाच्या मायेविषयी शंका नाही, पण पुरावा सावध करणारा आहे. भारतातल्या १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १,२५० रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत घरच्या व्यक्तीला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देण्यात आले. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबित्व यांच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक पडला नव्हता. याउलट न्यूझीलंडच्या ओटागो या घरगुती व्यायामाच्या कार्यक्रमात फिजिओथेरपिस्ट ८० वर्षांवरील स्त्रियांच्या घरी पहिल्या दोन महिन्यांत चार वेळा गेली, नंतर फोनवर संपर्क ठेवला, आणि त्यांचे पडण्याचे प्रमाण घटले. दोन्ही ठिकाणचे आजार आणि माणसे वेगळी, त्यामुळे थेट तुलना होणार नाही. तरी माझे मत असे झाले आहे की कुटुंब सोबत करू शकते, पण व्यायाम बदलण्याचा, वाढवण्याचा, दुखले तर कमी करण्याचा निर्णय त्याच्यावर सोपवता येत नाही. घरोघरी जाणे आपल्याला आज परवडणार नाही. पण पहिल्या आठवड्यातला एक फोन बहुतेकांना परवडेल.

हे सगळे केल्यानंतरही काहीजण व्यायाम करणार नाहीत. नैराश्य असेल, दुहेरी पाळी असेल, किंवा त्यांची इच्छाच नसेल. तो निर्णय त्यांचा आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. पण बाकीचे सारे रुग्ण त्याच रकान्यात ढकलण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

शिक्षक सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्याला व्यायाम दाखवायला सांगाल, तेव्हा तो या रुग्णाच्या घरात कसा बसवाल, हेही विचारा आणि त्याला गुण द्या. आणि आपण सर्वांनी पुढच्या भेटीत नवा व्यायाम देण्याआधी ‘कोणता जमला नाही, आणि का?’ हे विचारावे व मिळालेले उत्तर त्या जुन्या शेऱ्याच्या जागी लिहावे.