खजिन्यातील पारखी, आकाशातील निरीक्षक

उपजीविकेचा उद्योग एक आणि आयुष्याचा ध्यास दुसरा, अशा स्थितीतही शास्त्राची खरी सेवा घडते काय?
घडते, हे राधागोविंद चंद्र यांच्या चरित्रावरून निःसंशय सिद्ध होते.

अविभक्त बंगालमधील जेसोर येथे, सरकारी खजिन्यात, नाण्यांची पारख करण्याची नोकरी ते करीत.
त्यांचा दिवस कचेरीचा होता.
रात्र मात्र आकाशाची होती.

१९१० साली त्यांनी हॅलेचा धूमकेतू निरखला.
१९१८ साली गरुड तारकासमूहात अकस्मात प्रकटलेला नवतारा त्यांनी नुसत्या डोळ्यांनी ओळखला.

पुढे ते रूपविकारी ताऱ्यांकडे वळले.
या ताऱ्यांचे तेज कमी-अधिक होत असते.
जवळच्या स्थिर तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून, तारीख आणि वेळ यांसह त्या तेजाची नोंद करावयाची, असे हे वरकरणी साधे, परंतु अखंड चिकाटीची अपेक्षा करणारे काम आहे.

रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकेतील संस्थेने त्यांची निष्ठा ओळखून १९२६ साली त्यांना ६ इंची दुर्बीण पाठविली.
आयुष्यभरात त्यांच्या नोंदी ३७ हजारांहून अधिक झाल्या.

त्यांच्यापाशी शास्त्राची पदवी नव्हती.
नियमित नोंद होती.
आणि श्रोतेहो, हौशी माणसाची नियमित नोंदच शास्त्राच्या कामी येते.

तेव्हा आपला व्यवसाय कोणताही असो, एक तारा निवडा, एक वही घाला, आणि आज रात्रीच पहिली नोंद करा.