वृद्धांचा आरोग्यविमा आणि ठराविक रकमेची हुंडी
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने या वर्षी विषयाची निवड आम्हांवरच सोपविली. आपल्या ज्ञातीतील कित्येक घरांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, आणि त्यांतील प्रथम गेलेली मंडळी आता तेथेच पासष्टीच्या उंबरठ्यावर उभी आहेत. तेव्हा त्या देशात वृद्धांच्या आरोग्यविम्यावरून जो वाद माजला, तो आपल्या घरचाच समजावयास हरकत नाही. आम्ही अर्थशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन आयुष्यभर शाळेत गणित शिकविले, तेवढीच आमची शिदोरी. परंतु या वादाचे मर्म चक्रवाढ व्याजाच्या गणितात दडलेले असल्यामुळे ती शिदोरी येथे पुरेशी आहे.

अमेरिकेत १९६५ पूर्वी सुमारे निम्म्या वृद्धांपाशी रुग्णालयाचा विमा नव्हता. म्हातारा माणूस आजारी पडणारच, हे विमा कंपन्यांस आपल्याइतकेच ठाऊक होते. त्यामुळे त्या एक तर नकार देत किंवा न परवडणारा हप्ता मागत. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४५ साली सर्वांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याची सूचना केली होती, ती फळास आली नाही. पुढे ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ट्रुमन यांच्याच गावी जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर स्वाक्षरी केली, आणि पहिले कार्ड त्या वृद्ध गृहस्थांसच मिळाले. काम करीत असता पगारातून कर भरावा आणि पासष्टी गाठल्यावर सरकारने रुग्णालयाच्या व डॉक्टरांच्या देयकाचा मोठा भाग चुकवावा, ही या योजनेची घडण आहे. सर्वच खर्च त्यात येत नाही. दंतवैद्य, चष्मा, कानाचे यंत्र, अंथरुणास खिळलेल्या माणसाची दीर्घकाळची शुश्रूषा, यांचा भार बहुतांशी ज्याचा त्यानेच वाहावयाचा असतो.

आता वादाकडे वळू. १९४६ साली जन्मलेली पिढी २०११ साली पासष्ट वर्षांची झाली. महायुद्धानंतर तेथे मुलांची लाट आली होती. तीच आता म्हाताऱ्यांची लाट होऊन आली. घेणारे वाढले आणि भरणारे त्या मानाने कमी झाले. ही चिंता खोटी नव्हती, हे प्रथमच कबूल केले पाहिजे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रतिनिधिगृहाच्या अर्थसंकल्प समितीचे अध्यक्ष पॉल रायन यांनी असा प्रस्ताव मांडला की, २०२२ पासून नव्याने पासष्टीत येणाऱ्यांची देयके सरकारने चुकवू नयेत. त्याऐवजी सरासरी ८,००० डॉलरची रक्कम ठरवून द्यावी, ती थेट विमा कंपनीकडे जावी, आणि वृद्धाने आपल्या पसंतीचा खासगी विमा घ्यावा. समर्थक यास हप्त्याचे साहाय्य म्हणत, विरोधक व्हाउचर म्हणत. आपण हुंडी म्हणू.

पहिल्या वर्षी ही हुंडी कितीची, याला आम्ही फारसे महत्त्व देत नाही. ती दरसाल कोणत्या मापाने वाढणार, हा खरा प्रश्न. रायन यांच्या प्रस्तावात ती सर्वसाधारण महागाईच्या मानाने वाढावयाची होती. पण औषधपाण्याचा खर्च अनेक दशके सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढत आला आहे. उदाहरणादाखल समजा की, हुंडी दरसाल शेकडा ३ ने वाढते आणि आरोग्याचा खर्च शेकडा ६ ने. आज दोन्ही शंभर. वीस वर्षांनी हुंडी सुमारे १८१ ची होईल आणि खर्च सुमारे ३२१ होईल. मधले १४० कोणी द्यावयाचे? ज्याचे उत्पन्न थांबले आहे त्यानेच! हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले. परंतु अमेरिकी काँग्रेसच्या स्वतःच्या अर्थसंकल्प कार्यालयानेही त्याच महिन्यात हिशेब मांडला होता. २०३० साली पासष्ट वर्षांच्या सामान्य माणसास या योजनेत एकूण खर्चाच्या सुमारे ६८ टक्के भाग स्वतः सोसावा लागेल, चालू पद्धतीत तोच सुमारे २५ टक्के राहील, असा तो अंदाज होता.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे टाकाऊ नव्हते. कंपन्यांत चढाओढ लागली म्हणजे भाव उतरतात, असे ते म्हणत, आणि औषधांच्या विम्याचा दाखला देत. २००६ पासून चालू झालेल्या त्या योजनेचा खर्च आरंभीच्या अंदाजाहून कमी निघाला, हे खरे आहे. सरकारी नोकरांच्या विम्याचाही दाखला देत. तेथे मात्र गोम आहे. त्या विम्यात सरकार सरासरी हप्त्याच्या ७२ टक्क्यांपर्यंत वाटा उचलते. म्हणजे हप्ता वाढला की सरकारचा वाटाही वाढतो. वाटा आणि ठराविक रक्कम यांतील हा भेद आमच्या सातवीतल्या मुलांनाही समजावून देता आला असता. विरोधकांनीही पातळी सोडली. एका जाहिरातीत चाकाच्या खुर्चीतील आजीबाईंस कड्यावरून लोटून देताना दाखविले. अशाने विचार थांबतो.

प्रस्ताव १५ एप्रिल २०११ रोजी प्रतिनिधिगृहात २३५ विरुद्ध १९३ मतांनी संमत झाला. मे महिन्यात सिनेटने तो फेटाळला. पुढे रायन यांनी जुनी मेडिकेअरही पर्याय म्हणून ठेवणारी सौम्य आवृत्ती मांडली. तीही कायदा झाली नाही. तथापि २०२३ पर्यंत निम्म्याहून अधिक वृद्ध स्वेच्छेने मेडिकेअरच्याच पैशावर चालणाऱ्या खासगी योजनांत गेले होते. तेथे दात-चष्म्याची सोय बहुधा मिळते. पण डॉक्टर ठरावीक, आणि मोठ्या उपचारास आधी कंपनीची मंजुरी लागते.

एक गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगावीशी वाटते. १९६६ साली मेडिकेअर सुरू झाली तेव्हा दक्षिणेतील अनेक रुग्णालयांत काळ्या व गोऱ्या रुग्णांचे कक्ष वेगळे होते. भेद सोडा, नाही तर मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही, असे सरकारने बजावले, आणि हजारो रुग्णालयांनी थोड्या महिन्यांत तो सोडला. देयक चुकविणारा अट घालू शकतो. एकटा हुंडीवाला म्हातारा कोणती अट घालणार?

ज्यांचे आईवडील मुलांकडे जावयाचे आहेत त्यांनी ध्यानात घ्यावे की, पाहुणा म्हणून गेलेल्यास मेडिकेअर नाही. प्रवासाचा खासगी विमा येथूनच पाहून घ्यावा. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला तरी स्वतःचा हप्ता भरून त्यात शिरण्यास पासष्ट वर्षांचे वय आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते.

आपल्या देशातही २०२४ च्या ऑक्टोबरापासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांस आयुष्मान भारतचे संरक्षण मिळाले, ही समाधानाची गोष्ट. मात्र ५ लाखांचा जो आकडा २०१८ साली ठरला होता, तोच २०२४ सालीही होता.

आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीतून देयकाचा वाटा देण्याऐवजी प्रत्येक वृद्धास वर्षास ठराविक रक्कम द्यावी, अशी सूचना आली आहे. हिशेब सोपा होईल आणि कोणास हात पसरावा लागणार नाही, हे सूचना करणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. तरी आमचे मत वाटाच ठेवावा आणि त्याची कमाल मर्यादा दरसाल तपासावी, असे आहे. दोन्ही रीतींचा पुढील दहा वर्षांचा तक्ता आम्ही तयार करून चिटणीसांकडे दिला आहे. सर्वसाधारण सभेपूर्वी तो सभासदांनी पाहावा, ही विनंती.