मोठे घर आणि माहेरची चाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. मी आकाशावर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या, ते साहजिकच आहे. पण गेल्या वैशाखात एका अंधाऱ्या रात्री लेकीने मला गावाबाहेरच्या माळावर नेले आणि दुर्बिणीतून कन्या राशीतला एक पुसट ठिपका दाखवला. तो काही केल्या मनातून जाईना, म्हणून बोलते.

तो ठिपका म्हणजे एक तारा नव्हे. आपला सूर्य जसा आकाशगंगेत आहे, तशी ती दुसरी दीर्घिका. ताऱ्यांचे गोकुळच म्हणा. मेस्सिए नावाच्या फ्रेंच ज्योतिर्विदाने १७८१ साली तिची नोंद केली. त्याच्या यादीत ती ८७वी, म्हणून नाव एम ८७. तिचा प्रकाश इथवर यायला सुमारे साडेपाच कोटी वर्षे लागतात. तिच्या मध्यभागी साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचे कृष्णविवर आहे. त्याचे चित्र २०१९ साली जगाने पाहिले.

एवढे मोठे घर झाले कसे? विश्व लहान वयाचे होते तेव्हा मधल्या भागात वायू भराभर गोळा झाला आणि थोड्या काळात पुष्कळ तारे जन्मले. मग काही वायू सरला, उरलेला तापून राहिला. वायू निवल्याशिवाय तारा होत नाही. तेव्हा पाळणा हलायचा थांबला. म्हणून तिथले बहुतेक तारे म्हातारे, तांबूस-पिवळे. पुढे घर वाढले ते बाहेरून आलेल्यांनी. लहान दीर्घिका ओढल्या जातात आणि तिच्यात मिसळतात. ताऱ्यांमध्ये अंतर अफाट, त्यामुळे तारे एकमेकांवर आदळत नाहीत. त्यांची जुनी वाट मात्र सुटते.

हे कळले कसे? २०१५ साली शास्त्रज्ञांनी चिली देशातल्या मोठ्या दुर्बिणीतून एम ८७ भोवतीच्या सुमारे ३०० विझत्या ताऱ्यांच्या तेजोमेघांचे वेग मोजले. त्यांतल्या काहींची चाल निराळी निघाली. त्यावरून समजले की, गेल्या शंभर कोटी वर्षांत एक मध्यम दीर्घिका इथे येऊन मिसळली आहे. वेगळी अशी ती आता दिसत नाही. पण चाल राहिली आहे.

भगिनींनो, लग्नात माझे नाव बदलले. शाळेची वही माहेरीच राहिली. पंचवीस वर्षांत मी सासरी इतकी मिसळले की, सातवीतली ती मुलगी आता उरली नाही असेच वाटे. त्या रात्री माळावर मी लेकीला एकामागून एक प्रश्न विचारत होते. ती म्हणाली, "आई, तू एवढे प्रश्न विचारतेस हे मला माहीतच नव्हते!"

तेव्हा उमगले, चाल गेलेली नाही. तुमचीही गेली नसेल. ती ओळखायला आपल्या मंडळासारखी दुसरी जागा नाही.

चुकले असेल ते पदरात घ्यावे.